घर सुटले, अनामत कोणाची?

मराठीतला 'अनामत' हा शब्द अरबी 'अमानत'वरून आला. दुसऱ्याचे जपून ठेवायचे आणि मागितल्यावर परत करायचे, हा त्याचा अर्थ. अमानत तिच्या हकदाराकडे पोहोचवा, ही सूरह निसामधली आज्ञा आपण सारेच जाणतो. पण नवरा-बायको विभक्त होऊन भाड्याचे घर सुटते, तेव्हा घरमालकाकडच्या डिपॉझिटचा हकदार कोण? मेहर, दागिने, मुलांचा खर्च यांवर जमातीच्या बैठकीत तासन्‌तास बोलणे होते. डिपॉझिटचा विषय मात्र उठता उठता निघतो आणि 'निम्मे-निम्मे करा' एवढ्यावर मिटतो.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईचेच पाहा. भिवंडीतल्या खोलीचे डिपॉझिट ७५ हजार. त्यातले ४५ हजार तिने माहेरच्या बांगड्या मोडून दिले, ३० हजार नवऱ्याचे. करार त्याच्या एकट्याच्या नावावर. पुढे खुला झाला. दोन महिन्यांचे थकलेले भाडे १२ हजार कापून मालकाने ६३ हजार परत केले. बैठकीत त्याचे दोन भाग झाले, प्रत्येकी साडेएकतीस हजार. म्हणजे तिच्या बांगड्यांचे साडेतेरा हजार गेले!

तिच्याकडे सोनाराची पावती होती आणि रक्कम तिच्याच खात्यातून मालकाला गेल्याची बँकेत नोंद होती. ती पाहून जमातीतल्या एका बुजुर्गांनी हिशेब नव्याने मांडला. पत्नीला राहायला घर देणे ही शरीअतने पतीवर टाकलेली जबाबदारी आहे. मग संसार चालू असतानाचे थकलेले भाडे तिच्या पैशातून का जावे? तिचे ४५ हजार तिला आणि १२ हजार वजा जाता १८ हजार त्याला, असे ठरले. वरचे साडेतेरा हजार त्याने तीन हप्त्यांत दिले.

या प्रकरणात पावती होती म्हणून निभावले. बहुतेक घरांत ती नसते. म्हणून काही गोष्टी भगिनींनी आणि भावांनीही नीट समजून घ्याव्यात.

करारात ज्याचे नाव, त्यालाच मालक पैसे देतो. त्यात त्याचा दोष नाही. दोघांची नावे असतील तर १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे मागण्याचा हक दोघांचा मिळून असतो. म्हणून वेगळे होताच मालकाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे, की दोघांच्या सह्यांशिवाय रक्कम देऊ नये. पत्राची प्रत आणि पोचपावती जपावी. नाव एकट्या नवऱ्याचे असेल, तर पत्नीची मागणी मालकाकडे नसून नवऱ्याकडे आहे.

करार तोंडीच असेल तरी घाबरू नये. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने तो नोंदवला नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

मुस्लिम महिलांसाठीच्या १९८६च्या कायद्यातले कलम ३ तलाकनंतर उपयोगी पडते. निकाहापूर्वी, निकाहात किंवा नंतर माहेरच्यांनी, स्नेह्यांनी, पतीने वा सासरच्यांनी तिला दिलेली मालमत्ता तिचीच राहते. ती मिळाली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. माहेरचे दागिने मोडून डिपॉझिट भरले असेल, तर हे कलम वकिलांना जरूर दाखवावे.

खुलामध्ये पत्नी बहुधा मेहर सोडते. पण मेहर सोडला म्हणजे डिपॉझिटमधला तिचा पैसाही सुटला, असे होत नाही. खुलानाम्यात किंवा तलाकनाम्यात एक ओळ स्पष्ट हवी: डिपॉझिट किती, कोणी किती भरले, भाडे आणि लाईट बिल कोणाच्या वाट्यातून कापायचे, रक्कम कोणत्या तारखेला द्यायची. 'सर्व हिशेब मिटला' असे मोघम वाक्य असेल, तर पैसे हाती येईपर्यंत सही करू नये.

घाईघाईत घर रिकामे करणेही बरोबर नाही. इद्दत पुरी होईपर्यंत तलाक दिलेल्या पत्नीला घराबाहेर काढू नये, अशी सूरह तलाकची ताकीद आहे. डिपॉझिट लवकर हाती यावे म्हणून तिला माहेरी धाडणे या ताकिदीविरुद्ध आहे.

समजुतीने मिटले नाही, तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हा मार्ग आहे. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. १९८७च्या कायद्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, अशी शिकवण सूरह बकरामध्ये आहे. आपल्याकडे निकाहाची दावत आणि भाड्याची खोली बहुधा एकाच महिन्यात ठरते. त्याच वेळी मुलीच्या वडिलांनी किंवा भावाने करारात दोघांची नावे घालण्याचा आग्रह धरावा, पैसे रोख न देता खात्यातून द्यावेत आणि कोणाचे किती, हे कराराच्या प्रतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. हा अविश्वास नव्हे. संसार सुखाचा झाला, तर तो कागद कपाटात पडून राहील.