खतावणीतील विसरलेले येणे : आयकराचा परतावा

एखाद्या गिऱ्हाइकाकडे अठ्ठावीस हजार रुपये अडकले, तर व्यापारी ते खतावणीत त्याच्या नावे टाकतो, पंधरवड्याने आठवण देतो आणि दिवाळीपूर्वी हिशोब चुकता करून घेतो. तेवढीच रक्कम आयकराच्या परताव्यापोटी सरकारकडे राहिली, की मात्र तिची नोंद बहुधा कोठेच नसते. ‘विवरणपत्र भरले आहे, येईल तेव्हा येईल,’ असे म्हणून विषय मिटतो. लहान पेढीच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे एका हंगामाच्या मालाचे भांडवल असू शकते, किंवा मुलांच्या शाळेची फी. परतावा ही सरकारची बक्षिसी नव्हे. करदात्याने देय करापेक्षा अधिक भरलेले ते त्याचेच पैसे होत. म्हणून त्याकडे इतर कोणत्याही येण्याकडे पाहावे तसेच पाहणे योग्य ठरते : नोंद दोन्हीकडे जुळते का, पत्ता बरोबर आहे का, आपल्याकडे जुने देणे निघते का, आणि विलंबाचे व्याज किती.

(या लेखातील कलमांचे क्रमांक आयकर अधिनियम, १९६१ मधील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना आयकर अधिनियम, २०२५ लागू असून त्यात कलमांची मांडणी बदलली आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या हिशोबांना जुनाच अधिनियम लागू राहतो.)

एका दलालाचा हिशोब

समजा, इचलकरंजीतील एका सूत-दलालास आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये निरनिराळ्या पेढ्यांकडून १४,००,००० रुपये दलाली मिळाली. दलालीवर दोन टक्के उद्गम करकपात, म्हणजेच टीडीएस होतो. त्यानुसार २८,००० रुपये आधीच कापले गेले. जागेचे भाडे, दिवाणजीचा पगार, प्रवास आणि दूरध्वनी यांचा खर्च ३,५०,००० रुपये झाला. निव्वळ उत्पन्न उरले १०,५०,००० रुपये. नव्या करप्रणालीत या वर्षासाठी बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कलम ८७ए मधील सवलतीमुळे कर शून्य होतो. अर्थात संपूर्ण २८,००० रुपये परत मिळावयास हवेत.

आता यांतील एका पेढीने तीन लाखांच्या दलालीतून ६,००० रुपये कापले खरे, परंतु आपल्या तिमाही टीडीएस विवरणपत्रात दलालाचा पॅन चुकीचा लिहिला. दलालाच्या फॉर्म २६एएसमध्ये त्यामुळे २२,००० रुपयेच दिसतील. संगणकावर चालणारी आयकर विभागाची छाननी जे दिसते तेच मान्य करते. परतावा २२,००० रुपयांचा मंजूर होतो आणि सहा हजार मागे राहतात. या सहा हजारांसाठी आयकर विभागास केवळ पत्रे लिहून फारसे साधत नाही. गाठ त्या पेढीशी असते, कारण दुरुस्तीचे विवरणपत्र तिनेच भरावयाचे असते. एकदा कापलेला कर पुन्हा करदात्याकडून वसूल करता येत नाही, असे संरक्षण कलम २०५ देते. परतावा प्रत्यक्ष हातात पडण्यासाठी मात्र ती नोंद २६एएसमध्ये उमटावीच लागते.

विवरणपत्र भरण्याची अतिघाई येथेच नडते. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ मेपर्यंत असते आणि फॉर्म १६ए त्यानंतर पंधरा दिवसांत द्यावयाचा असतो. एप्रिलमध्येच विवरणपत्र भरून टाकणाऱ्यास शेवटच्या तिमाहीच्या नोंदी दिसतच नाहीत. जूनच्या मध्यानंतर २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, ही दोन्ही आपल्या कीर्दीशी ताडून मगच विवरणपत्र भरणे हिताचे.

परतावा कोणत्या वाटेने येतो

विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते. ती आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने होते, नेटबँकिंगने होते, किंवा सही केलेला पोचपावतीचा कागद बेंगळुरू येथील केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवूनही होते. पडताळणी झाली नसेल, तर विवरणपत्राची छाननी सुरूच होत नाही. मुदतीनंतर पडताळणी केल्यास तीच तारीख विवरणपत्र भरल्याची तारीख मानली जाते. ‘परतावा का आला नाही’ या प्रश्नाचे पहिले उत्तर अनेकदा एवढेच असते.

पुढे प्रक्रिया केंद्र कलम १४३(१) खाली सूचनापत्र पाठवते. त्यात करदात्याचे आकडे आणि विभागाचे आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. कोणत्या ओळीत फरक पडला, हे तेथे उघड दिसते. सूचनापत्रातील चूक विभागाची असल्यास कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. नोंदी जुळणाऱ्या साध्या विवरणपत्रांचा परतावा बहुधा काही आठवड्यांत येतो. कायद्याने दिलेली मुदत मात्र बरीच लांब आहे : ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले, ते वर्ष संपल्यापासून नऊ महिने. २०२६ च्या जुलैमध्ये भरलेल्या विवरणपत्राबाबत ही सीमा ३१ डिसेंबर २०२७ होते.

विलंबाचे व्याजही मिळते. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर टीडीएस आणि आगाऊ कराच्या परताव्यावर कलम २४४ए प्रमाणे १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते आणि महिन्याचा अंशही पूर्ण महिना धरला जातो. वरील दलालास २२,००० रुपये ऑक्टोबरमध्ये मिळाले, तर सात महिन्यांचे ७७० रुपये व्याज होईल. विवरणपत्र उशिरा भरल्यास व्याजाची गणना भरल्याच्या तारखेपासून होते. परतावा देय कराच्या दहा टक्क्यांहून कमी असल्यास व्याज नाही. मूळ परतावा उत्पन्न ठरत नाही, परंतु त्यावरील व्याज ‘इतर उत्पन्ना’त दाखवावे लागते. ते विसरले, की पुढील वर्षी एआयएसशी तफावत निघते.

येणे कोठे अडते

पॅन आणि आधार यांची जोडणी हे पहिले ठिकाण. जोडणीअभावी पॅन निष्क्रिय झाला असेल, तर परतावा मिळत नाही, त्या काळाचे व्याजही मिळत नाही आणि वर टीडीएस चढ्या दराने कापला जातो.

दुसरे ठिकाण बँक खात्याचे. परतावा केवळ पूर्वप्रमाणित खात्यातच जमा होतो. पॅनवर ‘शहा’ आणि बँकेत ‘शाह’, वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे आद्याक्षराने, बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी क्रमांक, बंद पडलेले खाते अशा किरकोळ कारणांनी मंजूर रक्कमही परत जाते. खाते पेढीच्या नावाने असेल, तर पॅनवरील व्यक्तिनामाशी ते जुळत नाही. त्यापेक्षा वैयक्तिक बचत खाते देणे सोयीचे. परतावा परत गेला असल्यास खाते दुरुस्त करून पोर्टलवर पुनर्वितरणाची विनंती करता येते.

तिसरे ठिकाण जुन्या मागणीचे. एखाद्या मागील वर्षाची लहानशी थकबाकी विभागाच्या नोंदीत असेल, तर कलम २४५ खाली ती परताव्यातून वळती करून घेतली जाते. तत्पूर्वी सूचना येते आणि उत्तरास २१ दिवस मिळतात. मागणी चुकीची असेल किंवा पूर्वीच भरली असेल, तर चलनाच्या तपशिलासह पोर्टलवर तसे नोंदवावे. ही सूचना ई-मेलवर येते. ज्या पेढीत ई-मेल केवळ कर-सल्लागारच उघडतो, तेथे मुदत सहज हुकते.

चौथे ठिकाण एकत्र कुटुंबाचे. दुकानाचे भाडे किंवा मुदतठेवीचे व्याज अविभक्त हिंदू कुटुंबाचे असते आणि पॅन मात्र कर्त्याचा वैयक्तिक दिलेला असतो. (करकायद्यात जैन अविभक्त कुटुंबही याच नावाने ओळखले जाते.) उत्पन्न एका विवरणपत्रात आणि टीडीएस दुसऱ्याच्या नावे, असा घोळ होतो. बँकेस व भाडेकरूस कुटुंबाचा पॅन देणे हाच त्यावरील साधा उपाय.

पाचवे ठिकाण उत्पन्न वगळण्याचे. टीडीएसचा दावा पूर्ण रकमेवर आणि जमा मात्र कमी दाखवलेली, असे आढळल्यास कलम १३९(९) खाली विवरणपत्र सदोष ठरवणारी नोटीस येते. दोष काढण्यास १५ दिवस असतात. उत्तर न दिल्यास विवरणपत्र भरलेच नाही असे मानले जाऊ शकते.

स्वतंत्र व्यावसायिकांचे नेहमीचे प्रश्न

*अंदाजित उत्पन्नाची योजना सर्वांना चालते का?* नाही. कलम ४४एडी खाली किराणा, कापड, भांडी अशा व्यवसायांना दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर, आणि रोख जमा पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास तीन कोटींपर्यंत, ८ टक्के किंवा बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवता येतो. प्रत्यक्ष नफा अधिक असेल, तर अधिकच दाखवावा. दलाली, कमिशन आणि एजन्सीच्या धंद्यास ही योजना लागू नाही. वरील सूत-दलालाने ती घेतली, तर विवरणपत्रच चुकते. एकदा योजना स्वीकारून पाच वर्षांच्या आत सोडल्यास पुढील पाच वर्षे ती पुन्हा घेता येत नाही. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांच्यासाठी कलम ४४एडीए आहे. तेथे मर्यादा ५० लाख, रोख जमा कमी असल्यास ७५ लाख, आणि किमान निम्मी जमा उत्पन्न धरली जाते.

*घरखर्चासाठीची उचल खर्चात धरता येते का?* येत नाही. ती भांडवलातून वजा होते. व्यवसायाच्या खर्चातही एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सर्वसाधारणपणे अमान्य होतो. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० आहे.

*पत्नीस पगार देता येतो का?* काम खरे असेल आणि त्या कामास लागणारी तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता तिच्याकडे असेल, तर येतो. तसे नसल्यास कलम ६४ प्रमाणे ती रक्कम पतीच्याच उत्पन्नात मिळवली जाते.

*आगाऊ कर कोणी भरावा?* टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल, तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण कर भरावा. अंदाजित योजनेत एकच हप्ता, १५ मार्चपूर्वी. कसूर झाल्यास सरकार दरमहा एक टक्का व्याज घेते, तर परताव्यावर अर्धा टक्का देते. व्यापाऱ्यास या दोन दरांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही.

*दानाची वजावट मिळते का?* जुनी करप्रणाली निवडल्यासच, आणि संस्थेस कलम ८०जीची मान्यता असल्यास. २,००० रुपयांवरील रोख दानास वजावट नाही, आणि संस्थेने दिलेले फॉर्म १०बीई प्रमाणपत्र हाताशी हवे. विशिष्ट धर्मसमाजाच्या धार्मिक कार्यासाठी दिलेल्या दानास ही सवलत सर्वसाधारणपणे मिळत नाही. त्यामुळे चातुर्मासातील बोलीची प्रत्येक पावती विवरणपत्रात मांडता येईल असे समजू नये. व्यवसाय असणाऱ्याने जुनी प्रणाली निवडताना फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा. एकदा त्यातून नव्या प्रणालीत परतल्यावर, व्यवसाय चालू असेतोवर, पुन्हा जुनीकडे जाता येत नाही.

*विवरणपत्र राहून गेले तर?* विलंबित विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येते आणि त्यात परतावाही मागता येतो. त्यानंतर भरता येणाऱ्या अद्ययावत विवरणपत्रातून परतावा मागता येत नाही.

दोन धोके

‘मोठा परतावा काढून देतो, टक्केवारी द्या,’ असे म्हणणारे मध्यस्थ दरवर्षी भेटतात. खोट्या देणग्या, न भरलेले विमा हप्ते दाखवून पैसे आधी मिळतात आणि प्रश्न नंतर येतो. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे सिद्ध झाल्यास कलम २७०ए खाली चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होतो. सही करदात्याची असल्याने जबाबदारीही त्याचीच राहते. दुसरा धोका बनावट संदेशांचा : ‘तुमचा परतावा मंजूर आहे, येथे दाबा.’ आयकर विभाग बँकेचा पिन, पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागत नाही. परताव्याची स्थिती पाहावयाची तर विभागाच्या पोर्टलवर स्वतः जाऊनच पाहावी.

येणे साचूच न देणे

दरवर्षी ज्याचा टीडीएस देय करापेक्षा अधिक कापला जातो, त्याने कलम १९७ खाली कमी दराने किंवा शून्य कपातीचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी फॉर्म १३ मध्ये अर्ज करावा. प्रमाणपत्र मिळाले, की पैसे वर्षभर सरकारकडे अडकून राहत नाहीत. नव्या अधिनियमातही ही सोय आहे.

पूर्वी अनेक पेढ्यांचे वर्ष दिवाळीस बदले. १९८९ पासून करासाठी सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपते, तरी पाडव्याचे वहीपूजन घरोघरी चालू आहे. त्या नव्या वहीत ‘आयकर परतावा येणे’ असे एक खाते उघडावे. प्रत्येक तिमाहीस कोणत्या पेढीने किती कापले आणि २६एएसमध्ये किती उमटले, हे त्यात समोरासमोर लिहावे. फरक दिसताच त्या पेढीस त्याच आठवड्यात कळवावे. तिमाहीतून एकदा अर्धा तास दिला, तर जूनमध्ये दिवाणजी आणि कर-सल्लागार या दोघांनाही शोधाशोध करावी लागत नाही, आणि सहा हजारांचे येणे दुसऱ्याच्या पॅनवर पडून राहत नाही.