रक्ताच्या कागदावरील थायरॉइडचे आकडे

"थायरॉइड वाढले आहे," हे वाक्य हल्ली खजुरीच्या पंचक्रोशीत वारंवार कानी पडते. आळंद, उमरगा वा कलबुर्गी येथे रक्त देऊन आणलेला कागद इंग्रजीत असतो. घरी वाचता येते ती मराठी, फार तर कानडी. मग जाड ठशातील एक आकडा पाहून जो तो आपापला अर्थ लावतो. अर्थ चुकला की औषध चुकते, आणि त्याचे मोल बहुधा घरच्या स्त्रीस द्यावे लागते. कारण हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत पुष्कळच अधिक आढळतो. यास्तव हा कागद कसा वाचावा, याचा थोडा विचार करू.

गळ्याच्या पुढील भागी, कंठमण्याखाली, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. हीच थायरॉइड अथवा अवटु ग्रंथी. अन्नातील आयोडीन घेऊन ती टी-फोर व टी-थ्री असे दोन स्राव निर्माण करते. अंगातील ऊब, हृदयाची गती, पचन व बालकाच्या मेंदूची वाढ यांचा भार त्यांवरच असतो. टी-फोर हा स्राव अमेरिकेतील एडवर्ड केंडल यांनी १९१४ साली, नाताळच्याच दिवशी, शुद्ध रूपात वेगळा केला. रक्तातील असे अत्यल्प स्राव बिनचूक मोजण्याची युक्ती पुढे रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी शोधली. त्याबद्दल यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल पारितोषिक लाभले. बर्सन १९७२ सालीच निवर्तले होते.

कागदावर तिसरे नाव असते टी.एस.एच. सारा घोटाळा होतो तो येथेच. हा स्राव थायरॉइडचा नव्हेच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा होय. थायरॉइडला कामास लावणे, हे त्याचे कार्य. औताचा बैल रेंगाळला की औत्या हाका वाढवितो. बैल उधळला की हाका थांबतात. टी.एस.एच. म्हणजे त्या हाका. तेव्हा हा आकडा वाढला, याचा अर्थ थायरॉइड बहुधा मंद पडले आहे असा होतो. तो उतरला तर थायरॉइड बहुधा अतिवेगाने चालले आहे.

प्रौढांत टी.एस.एच. साधारणतः ०.४ ते ४ असावा. तथापि प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा किंचित निराळी असून ती कागदावरच छापलेली असते. टी.एस.एच. अधिक व टी-फोर कमी, तर ग्रंथी मंद. अशा रुग्णास थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, मलावरोध होतो, मासिक पाळी बिघडते. टी.एस.एच. अधिक पण टी-फोर यथास्थित, तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगतात. टी.एस.एच. कमी व इतर दोन अधिक, तर ग्रंथी अतिवेगी: छाती धडधडते, हात कापतात, वजन घटते. क्वचित दोन्ही आकडे कमी असतात. तेव्हा औत्याच निजला आहे काय, हे डॉक्टरांनी पाहावयाचे असते.

मंद ग्रंथीसाठी जी गोळी देतात, ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी व चहा अर्ध्या ते एका तासाने प्यावा. लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर राखावे. सकाळच्या मिस्सेस जाणाऱ्यांनी शंका बाळगू नये: पवित्र कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास पाण्याने व औषधाने मोडत नाही. मात्रा बदलल्यास सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे. त्याआधीचा आकडा फसवा असतो. आणि आकडा जागेवर आला म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. तो गोळीमुळेच जागेवर आला आहे.

गर्भवतीने तर विशेष दक्षता घ्यावी. पहिले काही महिने गर्भ मातेच्याच स्रावावर अवलंबून असतो. म्हणून दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांस गोळीविषयी सांगावे. गर्भारपणात टी.एस.एच.ची मर्यादाही निराळी धरतात. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबांवरूनही ही तपासणी होते. दोष असल्यास पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू व्हावे, म्हणजे मेंदूची हानी टळते. गेलेला काळ मात्र परत आणता येत नाही.

आम्हांस एकच विनंती करावयाची आहे. घरातील सून वा लेक सदा थकलेली, गळून गेलेली दिसली, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्या. तसेच लग्न जमेपर्यंत मुलीची गोळी लपविण्याचे अथवा बंद ठेवण्याचे पातक कोणी करू नये. रोज सकाळी एक लहानशी गोळी घेऊन असंख्य स्त्रिया संसार करीत आहेत, मुले वाढवीत आहेत. त्यात लाज वाटावी असे काहीच नाही.