पडल्या कधी?

वृद्धाश्रमातून जखमी आजी आल्या की सोबतचा माणूस सहसा एवढंच सांगतो, ‘बाथरूममध्ये पाय घसरला.’ नांदेडच्या एका अपघात विभागात मी बसलो होतो, तेव्हाही हेच कानावर आलं. आजींचा डावा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलेलं. खुब्याचं हाड मोडलं की असंच होतं. डॉक्टरांनी एक्स-रे लिहिला आणि सिस्टरला म्हणाले, ‘जरा कुशीवर घ्या.’ माकडहाडावर रुपयाएवढी काळी जखम, दंडावर पिवळा पडलेला वळ.

‘पडल्या कधी?’

‘आज सकाळीच, सर.’

आजी पुटपुटल्या, ‘परवा. लई हाका मारल्या, बाबा.’

वळ पिवळा व्हायला साधारण अठरा तास तरी जातात. काळी जखम तर कित्येक दिवस कूस न बदलल्याची. डॉक्टरांनी दोष कुणालाच दिला नाही. दोघांचं म्हणणं ज्याच्या त्याच्या नावाने लिहिलं, जखमेची जागा, माप, रंग टिपला, एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नंबर टाकला आणि पोलीस चौकीला कळवलं.

म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात. चांगल्या आश्रमातही माणूस पडतो. शंका येते ती पडल्यानंतरच्या तासांबद्दल. लातूरच्या एका वृद्धाश्रमाच्या अधीक्षकांनी मला त्यांची नोंदवही दाखवली: कोण, कुठे, किती वाजता पडलं, आधी कुणी पाहिलं, घरी फोन कधी, १०८ कधी. अमेरिकेत तर गैरवर्तनाचा संशय असेल किंवा संशयास्पद घटनेत गंभीर दुखापत झाली असेल, तर नर्सिंग होमला दोन तासांत सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं.

आपल्याकडे २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २४ ज्येष्ठांना टाकून देणाऱ्यांसाठी आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाठीच्या जखमा त्यात सहज बसत नाहीत. मग भारतीय न्याय संहितेतलं निष्काळजीपणाचं कलम १२५ पाहावं लागतं आणि तिथे पुरावा लागतो.

मुलगा पुण्याहून येतो, चिडतो आणि गप्प बसतो. तक्रार केली तर उद्या आईला ठेवायचं कुठे? त्याने निदान केसपेपरची प्रत मागावी, जखमेचे तारखेसह फोटो काढावेत, मग १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला किंवा पोलीस ठाण्यात कळवावं. जखम भरून येईल. तेव्हा दाखवायला हे कागदच असतील.