मुखपृष्ठावरील नग्नाकृति

दुसरें महायुद्ध संपल्यावर पॅरिसमध्यें रूपसुंदरींच्या अर्धनग्न छायाचित्रांचीं मासिकें झळकूं लागलीं. ‘पारी-हॉलीवुड’ हें त्यांतलेंच एक. सैनिक अशीं चित्रें बराकीच्या भिंतीवर टाचणीनें लावीत, म्हणून त्यांना ‘पिन-अप’ हें नांव पडलें. रंजनापलीकडे या मासिकांचा हेतु नव्हता. १६ जुलै १९४९ च्या कायद्यानें अशीं प्रकाशनें अठरा वर्षांखालील मुलांना विकण्यास व उघड्यावर मांडण्यास बंदी करण्याचा अधिकार फ्रान्सच्या गृहमंत्र्यास मिळाला.

मराठी मासिकाच्या मुखपृष्ठावर स्त्रीची नग्नाकृति याच्या कितीतरी आधीं आली होती, आणि ती आणणारा गृहस्थ गणिताचा प्राध्यापक होता! महर्षि कर्व्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे पॅरिसला शिकून आलेले. १९२१ मध्यें मुंबईंत त्यांनीं संततिनियमनाचें केंद्र काढलें, त्या प्रचारापायीं विल्सन कॉलेजची नोकरी सोडली, आणि जुलै १९२७ मध्यें ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलें. अश्लीलता वस्तूंत नसून पाहणाऱ्याच्या मनांत असते, हें त्यांचें ठाम मत. मुखपृष्ठाच्या मोहानें अंक उचलणाऱ्याच्या पदरीं मात्र आंत गुप्तरोग, गर्भनिरोध आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेलीं रोखठोक उत्तरें पडत. पॅरिसच्या मासिकांत ही सोय नव्हती.

नवल असें कीं, कर्व्यांना कोर्टांत नेलें तें शब्दांनीं. १९३१ मध्यें व्यभिचारावरील लेखाबद्दल त्यांना दंड झाला. १९३४ मध्यें वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हां खटला झाला. त्या वेळीं त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मांडली. लैंगिक विषयावर लिहिलें एवढ्यानेंच लिखाण अश्लील ठरत नाहीं, हा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य झाला नाहीं. दोनशें रुपये दंड झाला.

यांत कायद्याची रचनाही पाहण्याजोगी आहे. दंडविधानाच्या २९२ व्या कलमांत देवळावरील व रथावरील शिल्पांना, धर्मकार्यासाठीं असलेल्या चित्रांना सूट होती. त्यामुळें देवळाच्या भिंतीवरील मिथुनशिल्प निर्धोक, आणि त्याच विषयाची शास्त्रीय माहिती देणारा मनुष्य आरोपी! शास्त्र, वाङ्मय व कला यांना सार्वजनिक हितासाठीं सूट मिळाली ती १९६९ च्या दुरुस्तीनें.

कर्व्यांना ती पाहावयास मिळाली नाहीं. दंड भरूनही त्यांनीं मासिक चालूं ठेवलें. बरेंचसें लेखन, ‘शारदेचीं पत्रें’ हें सदरसुद्धां, त्यांचेंच असे. १४ ऑक्टोबर १९५३ रोजीं ते वारले आणि ‘समाजस्वास्थ्य’ही लगोलग थांबलें.