वजनाचा जमाखर्च

संगणकाच्या पडद्यावर विमान उडवणाऱ्या हौशी मंडळींची एक तक्रार ठरलेली असते. कालपर्यंत विमान सुरळीत उडत होते. आज मागच्या कप्प्यात थोडा माल भरला आणि धावपट्टी सुटताच त्याने नाक असे काही वर काढले की, दांडी पुढे रेटूनही ते खाली येईना. अशा वेळी पहिला ठपका सहसा सिम्युलेटर रचणाऱ्यांवर ठेवला जातो. मला मात्र वाटते की, या तक्रारीचे मूळ बहुधा वायुगतिकीत नसून साध्या अंकगणितात असते, आणि तिची चौकशी एखादा वाकबगार कारकून खतावणीचा ताळा घेतो त्या चिकाटीने, रकमेमागून रक्कम पडताळीत, केली पाहिजे.

मूळ सिद्धांत फार गहन नाही. विमानातील प्रत्येक वजनाला एका ठरावीक आधारबिंदूपासूनच्या त्याच्या अंतराने गुणावे, म्हणजे त्या वजनाचे परिबल मिळते. साऱ्या परिबलांच्या बेरजेला एकूण वजनाने भागावे, म्हणजे गुरुत्वमध्य कोठे आहे ते कळते. तो विहित मर्यादेच्या पुढे सरकला तर विमान नाकाकडे जड होते, उड्डाणासाठी जास्त धाव घेते आणि उतरताना नाक उचलण्यास कुरकुर करते. मागे सरकला तर दांडी फसवी हलकी लागते, विमान अस्थिर होते आणि एकदा ‘स्टॉल’ झाले की सावरणे दुरापास्त होते. दोहोंत मागचा दोष अधिक घातक, ही गोष्ट नवशिक्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

उदाहरणादाखल सेस्ना १७२ एस हे सर्वपरिचित चार आसनी विमान घेऊ. त्याचा आधारबिंदू इंजिनामागील ‘फायरवॉल’ या पडद्याच्या पुढील पृष्ठभागावर धरलेला असून कमाल उड्डाणवजन २,५५० पौंड आहे. समजा, रिकाम्या विमानाचे वजन १,६५० पौंड आणि अंतर ३९ इंच. पुढील आसनांवरील दोघांचे मिळून ३४० पौंड, ३७ इंचांवर. ५३ गॅलन इंधनाचे ३१८ पौंड, ४८ इंचांवर. आणि मागील कप्प्यात अनुज्ञेय तेवढे पूर्ण १२० पौंड सामान, ९५ इंचांवर. बेरीज २,४२८ पौंड, गुरुत्वमध्य सुमारे ४२.७ इंच. मागची मर्यादा ४७.३ आणि या वजनाला पुढची सुमारे ३९.८ इंच असल्याने सारे यथास्थित आहे.

आता मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक विमानाबरोबर जी संरचनेची फाइल येते, तिच्यात हीच नोंद कशी होते ते पाहावे. तेथे अंतरे इंचांत नव्हे, फुटांत लिहितात, आणि पुढची दिशा धन, मागची ऋण मानतात. म्हणून, आधारबिंदू तोच ठेवला असेल तर, सामानाचा कप्पा उणे ७.९ फुटांवर पडतो. कोणी उणे चिन्ह गाळले की तेच १२० पौंड कागदोपत्री इंजिनाच्याही पुढे, पंख्यापलीकडच्या हवेत जाऊन बसतात आणि गुरुत्वमध्य ३३.३ इंचांवर, म्हणजे पुढच्या मर्यादेबाहेर येतो. कोणी ९५ इंचांचे ९५ फूट केले तर तो ९४ इंचांवर जातो, आणि ते बिचारे विमान धावपट्टीवर उभ्या उभ्याच शेपटीवर बसते. पौंडांच्या रकान्यात किलो भरणे हा तिसरा प्रकार. १२० किलो म्हणजे जवळजवळ २६५ पौंड.

दुहेरी नोंद हा आणखी एक नित्याचा घोटाळा. मोठ्या प्रवासी किंवा मालवाहू विमानांच्या अनेक विकत मिळणाऱ्या प्रतिकृतींत वैमानिकाजवळच्या टॅब्लेटवरून माल भरण्याची स्वतंत्र सोय असते. तेथे आकडे भरून पुन्हा सिम्युलेटरच्या वजनाच्या खिडकीतही हात घातला, तर एक नोंद दुसरीवर चढते किंवा तिला पुसून टाकते. दोहोंपैकी एकच वही चालवावी. एक्स-प्लेनच्या ११व्या आवृत्तीची तऱ्हा निराळी: तेथे मालाचे वजन आणि गुरुत्वमध्य यांची नियंत्रणे अलग असल्याने केवळ माल वाढवून समतोल हलत नाही, आणि हे ठाऊक नसलेला मनुष्य नसलेला दोष तासन् तास हुडकीत बसतो.

भरलेला माल एक आणि विमानाच्या संगणकाला सांगितलेले वजन दुसरे, ही विसंगती तर प्रत्यक्ष जगातही घडली आहे. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबस ए३४०-५०० विमानाच्या गणनेत ३६१.९ टनांऐवजी २६२.९ टन भरले गेले. परिणामी इंजिनांचा जोर आणि वेग दोन्ही कमी ठरले, शेपूट धावपट्टीवर घासले आणि धावपट्टी ओलांडल्यावर कसेबसे ते विमान हवेत उठले. प्रवासी सुखरूप परतले. सिम्युलेटरमध्येही माल बदलल्यावर इंधनरहित वजन, गुरुत्वमध्य व आडव्या शेपटीचा ट्रिम पुन्हा भरावा लागतो, आणि नेमका तोच अनेकदा राहून जातो.

तपासाचा क्रम माझ्या मते असा असावा: सारा माल काढून, दोन्ही पंखांत समान इंधन ठेवून एक उड्डाण करावे. दोष तरीही टिकला तर माल निर्दोष. मग दांडीची जुळणी तपासावी, कारण मध्यावर न थांबणारी जॉयस्टिक शेपटीच्या वजनाची हुबेहूब नक्कल करते. दोष गेला असेल तर कप्प्यामागून कप्पा भरत जावे आणि ज्या कप्प्याला तो परत उद्भवेल, त्याची ओळ फाइलमध्ये उघडून चिन्ह आणि एकक पाहावे. विमान फक्त बाजूला कलत असेल तर पंखांतील इंधनाची तफावत आधी बघावी. एकच पंखा असलेल्या बहुतेक विमानांत इंजिनाचा जोर वाढवला की नाक डावीकडे ओढले जाते. तो मालाचा दोष नव्हे, उजव्या पायाने रडर दाबावे.