एक्सप्लेनर : जमीन सरकारी प्रकल्पात गेली, मावेजा कसा ठरतो, कमी वाटला तर काय करायचं?

बीड : 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडमध्ये अखेर रेल्वे आली. 261 किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी मिळाली होती 1995मध्ये. 2025च्याच मार्चमध्ये बीडकरांनी दुसरंही एक दृश्य पाहिलं. तलावासाठी गेलेल्या जमिनीचा मावेजा थकला म्हणून न्यायालयाच्या आदेशाने थेट जिल्हाधिकाऱ्यांची गाडी जप्त झाली.

रेल्वे, रस्ता, तलाव. काहीही आलं तरी जमीन कुणाची तरी जातेच. मग पैसे ठरतात कसे?

कायदा कोणता?

1894चा इंग्रजांच्या काळातला कायदा जाऊन 1 जानेवारी 2014पासून भूसंपादनाचा नवा कायदा लागू झाला. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन 1956च्या स्वतंत्र कायद्याने घेतात, पण मोबदल्याची मूळ तत्त्वं 2015पासून तिथेही नव्या कायद्याचीच आहेत.

हिशेब कसा होतो?

आधी बाजारभाव ठरतो. रेडीरेकनरचा दर आणि परिसरातल्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त दराच्या निम्म्या खतांची सरासरी, यातला मोठा आकडा धरतात. ग्रामीण भागात त्याला 1 ते 2 या दरम्यानचा गुणक लागतो. तो राज्य सरकार ठरवतं. शहरात गुणक 1.

समजा, एकराचा बाजारभाव 10 लाख आणि गुणक 2 आहे. झाले 20 लाख. विहीर, झाडं, पाइपलाइनचे 3 लाख धरले तर 23 लाख. यावर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे आणखी 23 लाख. एकूण 46 लाख. याशिवाय बाजारभावावर ठरावीक काळासाठी वर्षाला 12 टक्के दराने रक्कम मिळते.

मग मावेजा कमी का येतो?

मुद्रांक शुल्क वाचवायला गावात खरेदीखतावर किंमत कमी दाखवली जाते. उद्या भूसंपादन आलं की तीच खतं बाजारभाव ठरवतात. तेव्हा वाचवलेले काही हजार पुढे सगळ्या शिवाराला लाखांत पडतात.

दुसरं कारण सातबारा. विहीर, बोअर, फळझाडांची नोंदच नसेल तर बागायत जमीन कागदावर जिरायत ठरू शकते. म्हणून संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा, पंचनामा वाचूनच सही करा. वारसनोंद राहिली असेल तर आधी ती करून घ्या. भावकीत वाद असला की पैसे अडकतात.

रक्कम मान्य नसेल तर?

पैसे घ्या, पण 'हरकत राखून' असं लेखी देऊन घ्या. हरकत न नोंदवता रक्कम उचलली तर वाढीव मावेजा मागता येत नाही.

निवाड्यावेळी तुम्ही हजर असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जासाठी मुदत सहा आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यापैकी जी मुदत आधी संपेल ती. पुढे प्रकरण प्राधिकरणाकडे जातं. महामार्गाच्या बाबतीत दाद लवादाकडे मागायची.

शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढवून दिलं आणि तुम्ही अर्जच केला नव्हता? त्याच अधिसूचनेत तुमची जमीन असेल तर त्या निकालापासून तीन महिन्यांत तुम्हालाही फेरनिश्चिती मागता येते.

थेट खरेदी घ्यावी का?

वाटाघाटीने जमीन दिली तर कायद्याने येणाऱ्या रकमेवर 25 टक्के जादा मिळतात आणि पैसेही लवकर येतात. पण खरेदीखत झालं की वाढीव मावेजाचा रस्ता बंद. त्यामुळे आधी वरचा हिशेब स्वतः मांडा, मगच सही करा.

पैसे थकले तर?

ताबा घेऊन रक्कम दिली नाही तर पहिल्या वर्षी 9 टक्के, त्यानंतर 15 टक्के व्याज द्यावं लागतं. निकाल लागूनही पैसे आले नाहीत तर वसुलीची दरखास्त आणि जप्ती. जिल्हाधिकाऱ्यांच्या गाडीपर्यंत प्रकरण गेलं ते याच वाटेने. म्हणजे थकलेल्या मावेजाचं व्याज शेवटी सरकारी तिजोरीतूनच जातं आणि शेतकऱ्याची उमेदीची वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर.

एवढं जपून ठेवा : सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणी नकाशा, पंचनाम्याची प्रत, नोटिसा, निवाड्याची प्रत आणि पैसे घेताना दिलेल्या हरकतीची पोच. 2013च्या कायद्याखालच्या निवाड्याने मिळालेल्या मावेजावर आयकर लागत नाही, हेही लक्षात असू द्या.