वारशाने आलेला फोन

मराठी मध्यमवर्गीय घरात मोबाइल फोन ज्या क्रमाने एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तो क्रम आता इतका रूढ झाला आहे की त्याविषयी कोणी वेगळा विचार करीत नाही. मिळवता मुलगा किंवा मुलगी नवा फोन घेते, तीन-चार वर्षे वापरलेला फोन आईकडे अथवा वडिलांकडे येतो, त्यांचा त्याहून जुना फोन आजीच्या उशाशी किंवा गावाकडच्या काकांच्या खिशात जाऊन पोहोचतो. आणि घरात टॅबलेट असलाच, तर तो थोरल्याच्या अभ्यासातून धाकट्याच्या गोष्टींकडे वळतो. या व्यवहारात काटकसर आहे, वस्तू फुकट न घालविण्याचा संस्कार आहे आणि माया तर निःसंशय आहे. तथापि त्याचाच एक परिणाम असा होतो की, घरातील सर्वांत जुने उपकरण घरातील सर्वांत वयस्क आणि या यंत्रविद्येशी सर्वांत कमी परिचित अशा व्यक्तीच्या हाती पडते. आणि तिच्याच निवृत्तिवेतनाचे खाते, मुदतठेवींचा तपशील व बँकेकडून येणारे ओटीपी त्या उपकरणात असतात. फोन देताना आपण काच फुटलेली नाही ना, बॅटरी दिवसभर टिकते ना, एवढे पाहतो. परंतु त्याचे खरे वय ज्यावरून ठरते ती गोष्ट सेटिंग्जच्या एका आडबाजूच्या पानावर तारखेच्या रूपाने लिहिलेली असते, आणि ती तारीख देणाऱ्याने वाचलेली नसते, घेणाऱ्यानेही नसते.

प्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या झिजेकडे पाहू. फोनमध्ये सर्वांत आधी थकते ती बॅटरी. लिथियम-आयन जातीची ही बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या एका बाजूस ग्राफाइटचा आणि दुसऱ्या बाजूस धातूच्या ऑक्साइडचा थर असतो. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरात असताना परत फिरतात. या येरझारांत ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म पापुद्रा वाढत जातो, त्यात काही लिथियम कायमचे अडकून पडते, आणि तेवढी बॅटरीची धारणशक्ती घटते. हा कोणाचा कसूर नव्हे. तो तिचा स्वभावधर्मच आहे. ॲपल कंपनी आपल्या आयफोन १४ पर्यंतच्या फोनांविषयी ५०० पूर्ण आवर्तनांनंतर आणि आयफोन १५ पासूनच्या फोनांविषयी १००० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता उरावी असे प्रमाण सांगते. पूर्ण आवर्तन म्हणजे एकूण शंभर टक्के विजेचा खर्च. आज निम्मी आणि उद्या निम्मी वापरली, तर दोन दिवसांत मिळून एक आवर्तन होते.

या झिजेला सर्वाधिक वेग देणारी गोष्ट म्हणजे उष्णता, आणि ती आपल्याकडे मुबलक आहे. ॲपल आपल्या फोनांच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सियसची मर्यादा घालून देते. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेमागे तर त्याहून पुष्कळच वर. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता यांचा संयोग तिला सर्वांत घातक ठरतो, म्हणून रात्रभर उशीखाली फोन चार्जिंगला लावून ठेवण्याची सवय मोडणे अगत्याचे आहे. अलीकडच्या पुष्कळ फोनांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते. ज्यांचा दिवस घरातच जातो अशा वडीलधाऱ्यांच्या फोनात ती सुरू करून दिल्यास त्यांना कसलीही उणीव भासत नाही आणि बॅटरीचे आयुष्य मात्र वाढते. महिनोन्‌महिने कपाटात पडून राहणारा टॅबलेट पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा ठेवू नये. निम्मा भरून, बंद करून थंड जागी ठेवावा. आणि पाठीमागचे झाकण उचलल्यासारखे दिसू लागले, म्हणजे बॅटरी फुगली, तर तो फोन त्याच क्षणी वापरातून काढावा. तो दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये.

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय घरोघर चालतो, पण त्याने तांदळाची पूड व कण आत जाऊन नुकसान होण्याचाच संभव असतो, आणि ॲपलने तर तसे करू नये अशी स्पष्ट ताकीद दिलेली आहे. फोन बंद करून, पुसून, चार्जिंगचे तोंड खाली करून हवेशीर जागी सुकू द्यावा, आणि तोवर वायर जोडू नये. फोनवर जलरोधकतेचा अंक छापलेला असला तरी ती शक्ती नव्या फोनाची असते. कडेचे रबर व डिंक जसजसे जुने होतात तसतशी ती क्षीण होते, हे चार पावसाळे पाहिलेल्या फोनाच्या बाबतीत विसरून चालत नाही.

बॅटरी बदलता येते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते काम रोज होत असते, आणि कंपनीच्या अधिकृत केंद्रात थोडे अधिक पैसे मोजून अस्सल बॅटरी मिळण्याची खातरजमा करता येते. परंतु ज्या फोनास नवी बॅटरी घालावयाची, त्याच्या सॉफ्टवेअरची मुदत किती उरली आहे, हा प्रश्न दुकानात जाण्यापूर्वी विचारला पाहिजे; कारण शरीर टवटवीत करूनही ज्याचे संरक्षण संपलेले आहे अशा फोनावर केलेला खर्च बहुतांशी वाया जातो.

अपडेट या गोष्टीविषयी लोकांच्या मनात एक जुना संशय आहे: अपडेट केले की फोन मंद होतो. त्या संशयाला आधार नाही असे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केले की, जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग आपण सॉफ्टवेअरद्वारे कमी करीत होतो. थकलेली बॅटरी एकाएकी लागणारी जास्त वीज पुरवू शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो, ते टाळण्यासाठी ही तजवीज होती, असे तिचे स्पष्टीकरण होते. स्पष्टीकरणात तथ्य होते. पण ग्राहकाला न सांगता केलेली ती गोष्ट होती, आणि फ्रान्सच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने २०२० साली त्याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड वसूल केला. या प्रकरणातून घेण्याजोगा बोध ‘बॅटरी तपासा’ हा होता. लोकांनी मात्र ‘अपडेट करू नका’ हा घेतला, आणि तो अधिक महागात पडणारा आहे.

कारण अपडेटमध्ये दोन निराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक म्हणजे नवे रूप, नव्या सोयी, नवी चित्रे. ही नसली तरी कोणाचे काही अडत नाही. दुसरी म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती. कोकणात पावसाळ्याआधी जशी घराची शाकारणी होते, तशी ही कामे दिसत नाहीत, पण ती चुकली म्हणजे पहिल्याच सरीला कळते. जुलै २०१५ मध्ये जोशुआ ड्रेक या संशोधकाने अँड्रॉइडमधील ध्वनिचित्रे उलगडून दाखविणाऱ्या ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या भागात असे छिद्र दाखवून दिले की, केवळ फोननंबर ठाऊक असला तरी एक चित्रसंदेश पाठवून परक्याला फोनात शिरकाव करता यावा. वापरणाऱ्याने तो संदेश उघडण्याचीही आवश्यकता नव्हती. त्यानंतर लगेच, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून, गूगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या काढण्याचा परिपाठ सुरू केला.

या मासिक दुरुस्त्यांचे एक अंग सामान्य वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही. दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा कोणकोणती छिद्रे बुजविली त्याची यादीही जाहीर होते, आणि ती यादी सर्वांना खुली असते. ज्याच्या फोनात दुरुस्ती पोहोचली तो सुरक्षित होतो. ज्याच्या फोनात ती पोहोचली नाही, त्याच्या घराची कोणती खिडकी उघडी आहे हे मात्र त्याच दिवशी चोरांनाही वाचावयास मिळते. म्हणून दुरुस्त्या थांबलेला फोन होता तसाच राहत नाही. प्रत्येक महिन्यागणिक त्याचा धोका वाढत जातो. आणि अँड्रॉइड फोनापर्यंत ही दुरुस्ती पोहोचण्याचा मार्ग लांबचा आहे: गूगलकडून निघालेले काम चिप बनविणाऱ्या कंपनीशी आणि मग फोन बनविणाऱ्या कंपनीशी जुळवून घ्यावे लागते, आणि यांपैकी एकानेही हात आखडता घेतला की साखळी तुटते. ती सुकर व्हावी म्हणून गूगलने २०१७ साली अँड्रॉइड ८ मध्ये अंतर्गत रचना बदलली, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून काही महत्त्वाचे भाग फोन-कंपनीची वाट न पाहता प्ले स्टोअरच्या मार्गाने थेट ताजे होऊ लागले. त्याने जुन्या फोनांना थोडा दिलासा मिळाला. पण संपूर्ण संरक्षण त्यातून होत नाही. ॲपलकडे यंत्र आणि सॉफ्टवेअर दोन्ही एकाच्या हाती असल्याने साखळी आखूड आहे. २०१३ सालच्या आयफोन ५ एसला जानेवारी २०२३ मध्येही एक सुरक्षा-दुरुस्ती मिळाली होती.

आपल्या घरातील फोन कोठे उभा आहे, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज उघडून ‘फोनविषयी’ किंवा सुरक्षेच्या पानावर जावे. तेथे सुरक्षा-अपडेटची तारीख दिलेली असते. ती गेल्या काही महिन्यांतील असेल तर चिंता नाही. ती दीड-दोन वर्षांमागची असेल आणि ‘नवे अपडेट उपलब्ध नाही’ असे उत्तर येत असेल, तर त्या फोनाची मुदत सरली असे समजावे. अपडेट अर्ध्यावर बंद पडून फोन निकामी होईल ही भीतीही आता पुष्कळशी निराधार आहे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनांत प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली, नवी प्रत बाजूला तयार होते आणि ती नीट सुरू झाली नाही तर फोन जुन्या प्रतीवर परत येतो. फोटोंची प्रत काढून ठेवावी, जागा मोकळी करावी, वाय-फाय व चार्जर जोडावा आणि काम होऊ द्यावे.

येथे एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. खरे अपडेट सेटिंग्जमधून किंवा अधिकृत स्टोअरमधूनच येते. ते व्हॉट्सॲपवर येत नाही. वाहतूक दंडाचे चलन, लग्नाची पत्रिका, बँकेची ‘केवायसी’, शेतकरी योजनेचा हप्ता अशा नावांनी एपीके, म्हणजे ॲप बसविणाऱ्या, फाइली पाठवून, त्या बसविणाऱ्याचे बँकेचे संदेश परस्पर वाचण्याचे प्रकार आपल्याकडे सर्रास घडत आहेत, आणि त्यांत फसणाऱ्यांत आयुष्यभर इमानेइतबारे नोकरी केलेली माणसे आहेत, ज्यांना सरकारी भाषेतल्या कागदावर विश्वास ठेवण्याचीच सवय आहे. त्यांना गाफील म्हणणे अन्यायाचे होईल. घरच्यांनी त्यांच्या फोनात अनोळखी मार्गाने ॲप बसविण्याची परवानगी बंद करून द्यावी, आणि पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर-फसवणुकीच्या मदत-क्रमांकावर कळवावयाचे, हे आधीच सांगून ठेवावे. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे वाटेत अडविता येण्याची शक्यता असते.

अपडेटची मुदत ही आता खरेदीच्या वेळी विचारण्याची बाब झाली आहे. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचे वचन दिले; मात्र स्वस्त फोनांत, म्हणजे आपल्याकडे जे सर्वाधिक खपतात त्यांत, ही मुदत पुष्कळ आखूड असते आणि खोक्यावर तिचा उल्लेखही आढळत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत, मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षे प्रणालीचे अपडेट, सात वर्षे सुटे भाग, आणि ८०० आवर्तनांनंतरही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी, अशा अटी घातल्या आहेत. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले, ते स्वागतार्ह आहे. पण मेमरी आणि कॅमेऱ्याचे आकडे जसे ठळक छापतात तशी सुरक्षा-अपडेटची अखेरची तारीख प्रत्येक खोक्यावर छापण्याची सक्ती आपल्याकडे झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तोपर्यंत घरातला वारसाक्रम तरी आपल्याला बदलता येईल. ज्याला धोका ओळखता येतो त्याने जुना फोन स्वतःकडे ठेवावा आणि नवा, मोठ्या मुदतीचा फोन आईवडिलांना द्यावा. तो महागडा असण्याची गरज नाही, मुदत मात्र लांब असावी. ते शक्य नसेल तर निदान बँकेचे व्यवहार आणि त्यांच्याशी जोडलेले सिम मुदत सरलेल्या फोनात राहू देऊ नये. तो फोन कीर्तन ऐकण्यास, फोटो पाहण्यास, घड्याळाच्या गजरास खुशाल वापरावा. फोन देताना देणाऱ्याने आपले खाते रीतसर काढून मग तो पूर्ण पुसावा, नाहीतर पुसल्यानंतरही तो जुन्या खात्याचा परवलीचा शब्द मागतो आणि आईला फोन सुरूच करता येत नाही. त्यावर आईचे स्वतःचे खाते उघडावे, भाषा मराठी करावी, अक्षरे मोठी करावीत, अपडेट आपोआप होण्याची सोय चालू करावी, आणि त्याची मुदत कोणत्या वर्षी संपते ते खरेदीच्या पावतीवर पेनाने लिहून ती पावती घरच्या इतर कागदपत्रांसोबत फाइलीला लावून ठेवावी.